बेल मास्तर

बेल म्हटलं की आपल्या डोक्यात दोनच गोष्टी येतात. एक टेलिफोन, आणि दुसरी डेसिबल. दहाने गुणायचं की वीसने, या घोळात कम्युनिकेशनच्या पेपरात आपले हमखास दोन मार्क खाणारा तो डेसिबल! (मूळ एकक 'बेल', त्याचा दहावा भाग डेसिबल. आमच्या ब्रँचला हे पाठ असतं, सिव्हिल-मेकॅनिकलवाल्यांनी नुसतं ऐकून घ्या.) पण गंमत अशी, की अलेक्झांडर ग्रॅहम बेलला कोणी धंदा विचारला तर तो स्वतःला इंजिनिअर म्हणवत नसे, संशोधकही म्हणवत नसे. कर्णबधिर मुलांचा शिक्षक, असंच सांगायचा. टेलिफोनने जगभर नाव झालं, पैसा आला, तरी हे उत्तर बदललं नाही.

मी या माणसाकडे वळले ती टेलिफोनमुळे नाही, माझ्या भाच्यामुळे. ते पुढे सांगते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी मी मराठी विभागाच्या संपादकांवर टाकली आहे. आमच्या शाळेत दरवर्षी एलोक्युशनची स्पर्धा असायची. हात असा, मान अशी, शेवटचा शब्द खाऊ नका, वगैरे. बेलचं अख्खं खानदान याच धंद्यातलं! आजोबा आधी चांभारकाम करायचे, मग नाटकात शिरले आणि शेवटी लंडनमध्ये लोकांना शुद्ध बोलायला शिकवू लागले. काका डब्लिनमध्ये तेच करायचे आणि वडील अलेक्झांडर मेलव्हिल बेल एडिंबरामध्ये. त्या घरात ३ मार्च १८४७ ला आपला अ‍ॅलेक जन्मला, तीन भावांतला मधला. तोपर्यंत नुसताच अलेक्झांडर. 'ग्रॅहम' हे मधलं नाव अकराव्या वाढदिवसाला मागून घेतलं, घरच्या ओळखीच्या एका पाहुण्याच्या नावावरून.

उच्चारांच्या या घरात आईला मात्र जवळजवळ ऐकूच येत नसे. एलायझा तिचं नाव. चित्रं काढायची, आणि ऐकायची नळी पियानोला टेकवून पियानोही वाजवायची. बाकी लोक तिच्याशी बोलायचे ते त्या नळीत ओरडून. अ‍ॅलेकने दोन वेगळे मार्ग काढले. तो तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खालच्या आवाजात, सावकाश बोलायचा. कंपनं तिला कळायची. आणि घरात पाहुण्यांच्या गप्पा रंगल्या की तिच्या शेजारी बसून बोटांच्या लिपीत सगळं तिला पोचवायचा. म्हणजे हा मुलगा बोटांनी बोलत बोलतच मोठा झाला. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

वडिलांची शिकवण्याची पद्धत आपल्याकडच्या सरांनी जरूर बघावी अशी होती. १८६३ मध्ये ते अ‍ॅलेकला लंडनमध्ये एक बोलणारं यंत्र बघायला घेऊन गेले. फॉन केम्पेलेन नावाच्या माणसाच्या आराखड्यावरून व्हीटस्टनने ते बनवलं होतं. व्हीटस्टन म्हणजे तोच, आपल्या लॅबमधल्या ब्रिजवाला! घरी आल्यावर वडिलांनी अ‍ॅलेकला आणि थोरल्या मेलीला असाइनमेंट दिली: तुम्ही पण एक बनवा. मेलीकडे फुप्फुस आणि गळा, अ‍ॅलेककडे तोंड. खऱ्या कवटीवरून गटापर्चाचा साचा, ओठ रबराचे, जीभ लाकडाच्या छोट्या छोट्या तुकड्यांची, म्हणजे प्रत्येक भाग वेगळा वर-खाली करता येईल अशी. शेवटी दोघांनी ते डोकं बिल्डिंगच्या जिन्यात नेलं. मेलीने हवा फुंकली, अ‍ॅलेकने ओठ उघड-मीट केले, आणि यंत्र 'मामा, मामा' असं बाळासारखं रडायला लागलं. वरच्या मजल्यावरून कोणीतरी बाळाला काय झालं म्हणून बघायला बाहेर आलं. पोरं तिथून पसार!

माझ्या मते सबमिशन असावं तर असं. वडिलांनाही ठाऊक असणार की या यंत्राचा बाजारात काही उपयोग नाही. पण ते करता करता मुलांना जीभ, टाळू, कंठ कुठे काय करतात ते हाताने कळलं.

मग कुत्र्याचा नंबर लागला. घरात एक स्काय टेरियर होतं. अ‍ॅलेकने त्याला आधी सलग गुरगुरायला शिकवलं, खाऊ देऊन देऊन. गुरगुरणं म्हणजे कच्चा आवाज, आपल्या भाषेत सोर्स. मग तो हाताने त्याचा जबडा आणि ओठ दाबून त्या आवाजाला आकार द्यायचा, म्हणजे फिल्टर. हळूहळू कुत्र्याच्या तोंडून आजीची खुशाली विचारणारं एक मोडकंतोडकं इंग्लिश वाक्य निघू लागलं. लोक लांबून बघायला यायचे. बिचाऱ्या कुत्र्याने नंतर हाताशिवाय बोलायचा प्रयत्नही केला म्हणतात, पण नुसतीच गुरगुर निघायची. आम्हाला स्पीच प्रोसेसिंगमध्ये सोर्स-फिल्टर मॉडेल फळ्यावर दोन चौकोन काढून शिकवलं गेलं. मला कुत्र्यावरून जास्त कळलं.

आता वडिलांच्या मुख्य कामाबद्दल. १८६७ मध्ये त्यांनी 'व्हिजिबल स्पीच' नावाची लिपी छापली. तिच्यात अक्षर म्हणजे तोंडाचं चित्रच. व्यंजनासाठी घोड्याच्या नालेसारखी एक कमान. तिचं तोंड कुठल्या बाजूला आहे त्यावरून कळायचं की काम जिभेच्या मागच्या भागाचं आहे, मधल्या भागाचं, शेंड्याचं की ओठांचं. कमानीचं तोंड रेघ मारून बंद केलं म्हणजे तिथे हवा पूर्ण अडवायची. आत एक छोटी रेघ असेल तर कंठ घुमवायचा. आपल्याला हे नवं वाटायला नको, कारण आपली वर्णमाला नेमकी याच हिशेबाने लावलेली आहे. रूममध्ये हळूच म्हणून बघा: क, च, ट, त, प. जीभ घशाकडून एकेक पायरी पुढे येत येत शेवटी ओठांवर येते. पहिलीत आपण हे रट्टा मारून पाठ करतो (मी तर बरंच नंतर केलं), पण त्यात तोंडाचा नकाशा आहे हे कोणी सांगत नाही.

या लिपीचे जाहीर प्रयोग व्हायचे. मुलांना हॉलबाहेर पाठवायचं. प्रेक्षकांतल्या कोणीही कुठलाही आवाज काढायचा, वडील तो फळ्यावर चिन्हांत लिहायचे, मग मुलं आत येऊन नुसती चिन्हं बघून तो आवाज काढायची. एकदा अ‍ॅलेकने चिन्हांप्रमाणे केलं तर भलताच खरखराट निघाला. त्याला काही कळेना, पण हॉलमध्ये टाळ्या! कोणीतरी करवतीने लाकूड कापण्याचा आवाज दिला होता. आणखी एकदा त्याच्या वाट्याला संस्कृतातला मूर्धन्य 'ट' आला होता. इंग्रजांची जीभ सहसा तशी मागे वळत नाही. याने तो कधी न ऐकता, फक्त चिन्हावरून, पहिल्या फटक्यात बरोबर काढला. आपला ट, बटाट्यातला! हे वाचून मला उगाच अभिमान वाटला.

आता ज्याला ऐकू येत नाही त्यालाही याच चिन्हांवरून आवाज काढता येईल, हा विचार साहजिक होता. १८६८ मध्ये लंडनमध्ये सुझाना हल बाईंच्या छोट्या शाळेत अ‍ॅलेकला कर्णबधिर मुली शिकवायला मिळाल्या. वय एकवीस, म्हणजे आपल्या बी.ई.च्या मुलांएवढा. त्याने पहिल्याच दिवशी चिन्हं घोकायला लावली नाहीत. फळ्यावर चेहऱ्याचं चित्र काढलं: नाक, ओठ, जीभ, घसा. मुलींनी चित्रातला भाग बघून स्वतःचा तो भाग दाखवायचा. मग त्याने चित्रातला एकेक भाग पुसत नेला. शेवटी फळ्यावर ज्या रेघा उरल्या त्या म्हणजे अक्षर! अक्षर शिकवलं गेलं हे मुलींना कळायच्या आत ते शिकून झालं होतं.

इथे भाच्याचं सांगते. ताईचा मुलगा चार वर्षांचा. ऐकू व्यवस्थित येतं, पण 'क'चा 'त' आणि 'ग'चा 'द' करतो. काका म्हणजे ताता, गाडी म्हणजे दाडी, आणि कोशिंबिरीत त्याला तातडी हवी असते. घरच्यांनी वर्षभर हसण्यावारी नेलं, मग स्पीच थेरपी सुरू झाली. सुट्टीत घरी गेले की त्याला न्यायचं काम माझ्याकडे. मला वाटलं होतं, मॅडम समोर बसवून शंभर वेळा 'क' म्हणायला लावतील. तसं काहीच नाही. आधी आरसा. मग मान वर करून पाण्याच्या गुळण्या, कारण गुळणी करताना जिभेचा मागचा भाग काम करतो आणि 'क'ला तोच लागतो. मग चुंबकाचा गळ टाकून कागदाचे मासे पकडायचे. माशावर कप, काकडी, कावळा अशी चित्रं, नाव नीट आलं तर मासा आपला. लाईट बंद करून टॉर्चने भिंतीवरची चित्रं शोधायची. मला सगळ्यात आवडलेला खेळ जोड्यांचा: कार आणि तार, काप आणि ताप. टेबलावर खेळण्यातली कार आणि तारेचा तुकडा ठेवलेला. हा हवी आहे कार आणि मागतो तार, तर मॅडम शांतपणे तार त्याच्या हातात देतात. रागावणं नाही, चूक दाखवणं नाही. तार हातात घेऊन तो असा काही बघतो, की मग जीभ आपणहून मागे जायला धडपडते.

त्या मॅडमनी एक गोष्ट सांगितली ती मला महत्त्वाची वाटली. फुगे फुगवणं, पिसं उडवणं, मेणबत्ती विझवणं याने मुलं खूश होतात, बसायला तयार होतात; पण नुसतं फुंकून 'क' येत नाही. जो आवाज हवा त्याचीच प्रॅक्टिस खेळातून व्हावी लागते. बेलचं चरित्र वाचताना मला पावलोपावली हेच दिसत होतं.

पण मध्ये त्याच्या घरावर संकट आलं. धाकटा भाऊ १८६७ मध्ये आणि मेली १८७० मध्ये, दोघंही क्षयाने गेले. उरलेल्या एका मुलाला वाचवायचं म्हणून आईवडील लंडन सोडून कॅनडात ब्रँटफर्डला आले. १८७१ मध्ये बॉस्टनच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेने वडिलांना बोलावलं, त्यांनी मुलाला पाठवलं. तिथे सारा फुलर मुख्याध्यापिका होत्या. अ‍ॅलेकने तिथल्या शिक्षिकांना लिपी शिकवली, मुलांना आवाज. मुलांना तो फुगे द्यायचा, फुंकायला नव्हे, छातीशी धरायला: आवाजाची कंपनं फुग्यातून हाताला जाणवतात. पुढे बॉस्टन विद्यापीठात प्रोफेसर झाला, खाजगी विद्यार्थीही घेऊ लागला.

त्या विद्यार्थ्यांत जॉर्ज सँडर्स नावाचा पाच वर्षांचा मुलगा होता, जन्मापासून कर्णबधिर. १८७३ पासून बेल सेलममध्ये जॉर्जच्या आजीच्या घरीच राहायला गेला. जॉर्जची शिकवणी म्हणजे निव्वळ खेळ. खेळण्यांच्या नावांची कार्डं केलेली. जॉर्जला बाहुली हवी असली की तो खुणा करायचा. बेल खुणेवर बाहुली द्यायचा नाही. जॉर्जने ते कार्ड शोधून आणलं की लगेच द्यायचा. (तार आणि कार!) मग त्याने एक हातमोजा केला. बोटांवर, सांध्यांवर, तळव्यावर ए बी सी डी लिहिलेली. मोजा जॉर्जच्या हातात, आणि बेल त्यावर बोट टेकवत टेकवत शब्द सांगणार. एक प्रकारचा कीबोर्डच, पण हात धरून चालवायचा. गर्दीतसुद्धा दोघांच्या गप्पा चालायच्या, कोणाला पत्ता न लागता.

टेलिफोनची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे म्हणून भराभर सांगते, पण ती कुठून आली हे बघण्यासारखं आहे. बेलला असं यंत्र हवं होतं, ज्यात मूल स्वतःचा आवाज बघू शकेल. शिक्षकाच्या 'आ'चा आकार आणि आपल्या 'आ'चा आकार शेजारी शेजारी ठेवायचा आणि जुळेपर्यंत खेळायचं. आज स्पीच थेरपीत कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर हेच करतात. १८७४ मध्ये त्यासाठी त्याने बॉस्टनच्या एका कानाच्या डॉक्टरकडून मेलेल्या माणसाचा खरा कान मिळवला. आतल्या हाडाला गवताची काडी चिकटवली आणि समोर काजळी धरलेली काच सरकवली. कानात बोललं की काडी काचेवर लाट काढायची. ते बघताना त्याला वाटलं, एवढासा पातळ पडदा जर हाडं हलवतो, तर मोठा पडदा लोखंडाची पट्टी का नाही हलवणार? आणि ती पट्टी चुंबकासमोर हलली तर तारेतला करंट आवाजासारखाच वर-खाली का नाही होणार? त्याआधी त्याने हेल्महोल्ट्झचं जर्मन पुस्तक चाळून भलताच समज करून घेतला होता, की या माणसाने स्वर तारेतून पाठवलेसुद्धा आहेत. हेल्महोल्ट्झने तसं काही केलं नव्हतं. पण बेलला जर्मन येत नव्हतं, म्हणून त्याला ते शक्य वाटलं!

पैसे कोणी दिले? जॉर्जच्या वडिलांनी, आणि गार्डिनर हबर्ड यांनी, ज्यांची मुलगी मेबल बेलची विद्यार्थिनी होती. हाताला वॉटसन होता. ७ मार्च १८७६ ला पेटंट मिळालं, १० मार्चला तारेतून पहिलं वाक्य गेलं. जूनमध्ये फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात बेलचं टेबल कोपऱ्यात पडलं होतं, परीक्षक दमलेले. पण त्यांच्याबरोबर ब्राझीलचा सम्राट दॉम पेद्रो होता. तो थोड्याच दिवसांपूर्वी बॉस्टनमध्ये बेलचा कर्णबधिर मुलांचा वर्ग बघून आला होता. त्याने मास्तरांना ओळखलं, थांबला, रिसीव्हर कानाला लावला, आणि मग सगळेच थांबले. पुढे शेकडो कोर्टकेसेस, त्यात मी जात नाही.

मेबलबद्दल मात्र सांगायलाच हवं. पाच वर्षांची असताना स्कार्लेट फीवरने तिचं ऐकणं गेलं. तोपर्यंत ती बोलायला शिकलेली होती, आणि आईवडिलांनी ते बोलणं टिकवण्यासाठी जिवाचं रान केलं. ती ओठ वाचायची, आणि इतकं छान वाचायची की अनोळखी माणसाला शंका येत नसे. जर्मनसुद्धा यायचं. बेल तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, पहिल्या भेटीत तिला तो मुळीच आवडला नव्हता. जुलै १८७७ मध्ये लग्न झालं तेव्हा त्याने टेलिफोन कंपनीतले आपले, दहा सोडून, सगळे शेअर्स तिच्या नावावर केले.

पैसा आल्यावरही त्याची मास्तरकी सुटली नाही. १८७८ मध्ये स्कॉटलंडमध्ये ग्रीनॉकला कर्णबधिर मुलांचा वर्ग सुरू करायचा होता, शिक्षक वेळेवर मिळेना, तर जगप्रसिद्ध बेल स्वतः जाऊन शिकवायला बसला. १८८३ मध्ये वॉशिंग्टनला स्वतःची छोटी शाळा काढली. एकाच घरात ऐकू येणाऱ्या मुलांची बालवाडीही आणि कर्णबधिर मुलांचा वर्गही, म्हणजे खेळताना एकत्र यावीत. बुटकी टेबलं, खेळणी, वस्तूंवर नावांच्या चिठ्ठ्या. टेलिफोनच्या खटल्यांनी त्याला इतकं घेरलं की ती दोन वर्षांत बंद पडली. वाईट वाटतं. त्याने आयुष्यात काढलेल्या सगळ्या गोष्टींत मला ही शाळा सगळ्यात जास्त आवडली.

आणि आता तो भाग, जो वाचल्यावर मी दोन दिवस हा लेख बाजूला ठेवला होता.

१८८० मध्ये इटलीत मिलान इथे कर्णबधिर मुलांच्या शिक्षकांची परिषद झाली. १६४ प्रतिनिधी, त्यात स्वतः कर्णबधिर असलेला एक. ठराव काय, तर शाळांतून खुणांची भाषा बंद करा, फक्त तोंडाने बोलायला शिकवा. याला म्हणतात ओरल पद्धत. (आपली ओरल पंधरा मिनिटांत संपते. ही मुलांच्या मागे शंभर वर्षं लागली.) बेल त्या परिषदेला नव्हता, पण अमेरिकेत त्या विचाराचा सगळ्यात वजनदार माणूस तोच. १८८३ मध्ये त्याने एक मोठा निबंध वाचला. कर्णबधिर माणसं खुणांमुळे आणि वसतिगृहांमुळे एकत्र राहतात, एकमेकांशी लग्नं करतात, आणि असंच चाललं तर कर्णबधिर माणसांची वेगळी जातच तयार होईल, असं त्याचं म्हणणं. लग्नांवर कायद्याने बंदी घालणं त्याला व्यवहार्य वाटलं नाही. पण वसतिगृहाच्या शाळा नकोत, खुणा नकोत, कर्णबधिर शिक्षक नकोत, हे त्याला पटलेलं होतं. यातलं शास्त्रही चुकीचं होतं: बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्याच पोटी जन्मतात, आणि कर्णबधिर जोडप्यांची बहुतेक मुलं ऐकू येणारी असतात.

आपण हॉस्टेलवर राहणारी माणसं. आपली अर्धी भाषा, आपले जोक, आपली टोपणनावं सगळी इथली. उद्या कोणी येऊन सांगितलं की तुम्ही एकत्र राहता म्हणून तुमची भाषा वाढते, तेव्हा हॉस्टेल बंद, तर काय वाटेल? त्या मुलांना तर घरी बोलायलाही कोणी नसायचं. खुणांची भाषा त्यांना मिळायची ती हॉस्टेलमध्येच, मोठ्या मुलांकडून.

बरं, नुसते ओठ वाचून समजणं किती अवघड आहे ते रूममेटबरोबर करून बघा. आवाज न काढता म्हणा: पाय, बाय, माय. समोरच्याला तिन्ही सारखेच दिसतात. प, ब, म यांतला फरक कंठात आणि नाकात आहे, ओठांवर नाही. हे बेलपेक्षा जास्त कोणाला माहीत असणार? मेबलला जमलं ते तिला आधी भाषा होती म्हणून, आणि तिच्यामागे अख्खं श्रीमंत घर उभं होतं म्हणून. बेलच्या घरात आई आणि बायको, दोघी बोलणाऱ्या. त्यावरून त्याने सगळ्या मुलांचा हिशेब मांडला. सँपल साईझ दोन!

त्याचा मोठा विरोधक एडवर्ड गॅलोडेट. त्याचीही आई कर्णबधिर, पण खुणांनी बोलणारी. त्याचं म्हणणं, बोलणं शिकवा, पण खुणाही ठेवा. दोघं वर्षानुवर्षं भांडले, लंडनमध्ये राणीने नेमलेल्या आयोगासमोर दोघांनी साक्ष दिली. शाळांत जिंकला बेलचा पक्ष. कितीतरी देशांत मुलांना खुणा केल्या म्हणून हातावर मार बसला, हात बांधून ठेवले. बेलने स्वतः कोणाला मारल्याचं मी कुठे वाचलं नाही. वर्गात तो शेवटपर्यंत मायाळूच होता. पण बाहुलीचं कार्ड शोधण्याचा खेळ आणि हातावरची छडी यांच्यामधला रस्ता त्याच्याच वजनामुळे सोपा झाला, हे नाकारता येत नाही. मिलानच्या ठरावांबद्दल जागतिक परिषदेने जाहीर खेद व्यक्त केला तो २०१० मध्ये, व्हँकुव्हरला. म्हणजे १३० वर्षांनी. आपल्याकडे भारतीय सांकेतिक भाषेची राष्ट्रीय संस्था दिल्लीत २०१५ मध्ये निघाली. वांद्र्याची अली यावर जंग संस्था त्याच्या कितीतरी आधीची, १९८३ ची, तिथे वाचा आणि श्रवण दोन्हीची माणसं तयार होतात.

हेलन केलरचं प्रकरणही असंच दोन्ही बाजूंचं आहे. १८८६ मध्ये तिचे वडील सहा वर्षांच्या हेलनला घेऊन बेलकडे आले. दिसत नाही, ऐकू येत नाही, घरात नुसता आकांत. बेलने तिला मांडीवर घेतलं, आपलं ठोके देणारं घड्याळ तिच्या हातात देऊन त्याची कंपनं तिला कळू दिली, आणि वडिलांना पर्किन्स शाळेचा पत्ता दिला. तिथूनच अ‍ॅन सुलिव्हन तिच्या आयुष्यात आली. हेलनला भाषा मिळाली ती तळहातावर बोटांनी अक्षरं काढून. १८९० मध्ये ती बोलायलाही शिकली, सारा फुलरकडे, हो, बॉस्टनच्या त्याच मुख्याध्यापिका. त्यांच्या चेहऱ्यावर, ओठांवर, जिभेवर हात ठेवून तिने आवाज ओळखले. पण आयुष्यभर मेहनत करूनही तिचं बोलणं अनोळखी माणसांना सहज कळत नसे, आणि याची खंत तिला होती. आत्मचरित्र मात्र तिने बेललाच अर्पण केलं.

मग मी या माणसाला कुठे बसवायचं? भाच्याबरोबर थेरपीला जाते तेव्हा बाहेरच्या बाकावर कानात मशीन लावलेली मुलंही असतात. त्यातली एक मुलगी आईशी हातांनी बोलते, आणि आत जाऊन मॅडमबरोबर 'फ'ने कागदाची पट्टीही उडवते. तिला दोन्ही येतं आणि कोणी तिचे हात धरत नाही. बेलला हे दृश्य आवडलं असतं की खटकलं असतं, मला खरंच ठरवता येत नाही. मासे पकडायचा खेळ त्याने मॅडमकडून नक्की मागून घेतला असता.

शेवटची वर्षं त्याने कॅनडात नोव्हा स्कोशियामध्ये, बॅडेकजवळच्या टेकडीवर काढली. पतंग, विमानं, पाण्यावरून उडणाऱ्या बोटी, सगळे उद्योग चालू होते. २ ऑगस्ट १९२२ च्या पहाटे तो गेला. शेजारी मेबल होती. तिने त्याला सोडून जाऊ नको म्हणून विनवलं, तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. त्याने तिच्या हातात बोटांनी 'नाही' अशी खूण केली, असं चरित्रकार लिहितात.

४ ऑगस्टला दफन झालं तेव्हा अमेरिका आणि कॅनडातले सगळे टेलिफोन एक मिनिट बंद ठेवले होते. मेबलने आयुष्यात कधी टेलिफोन ऐकला नव्हता. पाच महिन्यांनी, जानेवारी १९२३ मध्ये तीही गेली. तिच्या अस्थी त्याच टेकडीवर त्याच्याजवळ पुरल्या आहेत.